पावसाळा धरून

२६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे तो तब्बल सोळा दिवस आधी आला. पंचाहत्तर वर्षांत इतकी घाई त्यानं कधी केली नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या एका मे महिन्यात २९५ मिलीमीटर पाऊस मोजला गेला आणि १९१८ साली नोंदलेला २७९.४ मिलीमीटरचा मे महिन्याचा विक्रम मोडला. टीव्हीवर दिवसभर रूळ, सबवे आणि गुडघाभर पाण्यातून ढकलल्या जाणाऱ्या दुचाक्या दिसत राहिल्या.

त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. हे भुयारी स्थानक सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पाणी आलं ते प्रवाशांच्या वापरातल्या दारातून नव्हे. बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशद्वारापाशी पाणी अडवण्यासाठी काँक्रीटची भिंत उभी केली होती. शेजारच्या एका वाहिनीतून अचानक आलेल्या पाण्यानं ती कोसळली, असं मेट्रो प्रशासनानं सांगितलं. स्थानक चालू, एक दार अपुरं, मध्ये तात्पुरती भिंत आणि पाऊस दोन आठवडे लवकर. मुंबई महानगरात सार्वजनिक इमारतींची पावसात जी हानी होते, तिच्यातला मोठा भाग अशाच अर्ध्या कामांचा असतो. पूर्ण झालेली इमारत गळते तेव्हा लोक चिडतात, तक्रार करतात. दुरुस्तीला घेतलेली इमारत गळते तेव्हा मात्र सगळेच समजूतदार होतात. काम चालू आहे ना, मग गळणारच, असं म्हणून बादली सरकवतात.

खाडीपलीकडे नवी मुंबईत मे महिन्याचा शेवट म्हणजे गच्च्यांच्या कामाची ऐन घाई. शाळांना सुट्टी, ऊन कडक, स्लॅब कोरडा ठणठणीत. जुना कोबा फोडायचा, भेगा भरायच्या, नवा थर टाकायचा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळं व्हायचं, असा हिशेब असतो. २०२५ मध्ये तो हिशेब धरून बसलेल्यांच्या गच्च्या २६ मे रोजी उघड्या होत्या.

मार्च, मे आणि आचारसंहिता

दिवाळी अंकासाठी छप्पर हा विषय निघाला की लिहिणारे सहसा कौलांच्या आठवणींकडे वळतात. त्या आठवणींतला एक भाग इथं खरोखर कामाचा आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. शहर उभं राहण्याआधी इथं आगरी-कोळ्यांची गावं होती, एकूण पंचाण्णव. दिवाळे, करावे, सारसोळे, घणसोली, कोपरखैरणे ही नावं आज सेक्टरांच्या मध्ये अडकून राहिली आहेत. या गावांतून वैशाखात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वासा-रीप किडली असेल तर बदलायची आणि पुन्हा चढवायची. ती करणाऱ्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असत. पाऊस कधी येतो, ही एक. आणि दिवस मावळण्याआधी किती कौलं परत चढवता येतील, ही दुसरी. तेवढीच तो सकाळी उतरवायचा.

महापालिकेची शाकारणी अशी होऊ शकत नाही, आणि त्याचं कारण कामगारांच्या आळसात नसून कागदाच्या प्रवासात आहे. गळतीची तक्रार येते जुलैत. पाहणी होते ऑगस्टमध्ये. अंदाजपत्रक तयार होतं, दरसूचीप्रमाणे दर लागतात, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, प्रतिसाद कमी आला तर मुदतवाढ, मग दर जास्त आले म्हणून वाटाघाटी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यादेशांची एकच गर्दी उडते. ठेकेदार साहित्य आणून, मजूर जमवून प्रत्यक्ष गच्चीवर चढतो तो एप्रिलच्या मध्यावर. होळीला गावी गेलेले मजूर लग्नसराई उरकून परततात तेही तेव्हाच.

त्यात निवडणूक आली की मधले महिने पार गळून पडतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली आणि आचारसंहिता उठली ६ जूनला. नवी मुंबई ज्या ठाणे मतदारसंघात येते तिथलं मतदान २० मेला होतं. ज्या कामांचे कार्यादेश १६ मार्चआधी निघून काम सुरू झालं होतं ती चालू राहिली. बाकीची फाइलमध्ये थांबली. आचारसंहितेच्या त्या बारा आठवड्यांवर एक नजर टाकली की लक्षात येतं, गच्चीच्या कामाला लागणारे कोरडे, उन्हाचे दिवस नेमके तेच. २०१९ मध्येही १० मार्चपासून मे अखेरपर्यंत असंच झालं होतं.

निविदेच्या कागदावर कामाची मुदत लिहिताना एक छोटा शेरा असतो: ‘पावसाळा धरून’ किंवा ‘पावसाळा वगळून’. हा शेरा लिहिताना फारसा विचार होत नाही, पण सगळा खेळ त्यावर आहे. मुदत पावसाळा धरून असेल तर ठेकेदारानं पावसात काम कसं सांभाळायचं याचा खर्च आपल्या दरातच धरला आहे, असं गृहीत धरलं जातं. वगळून असेल तर जून ते सप्टेंबर काम बंद. पण बंद कामाची गच्ची झाकून ठेवायची जबाबदारी कुणाची, हे वेगळं लिहावं लागतं. ताडपत्री, पत्र्याची तात्पुरती शेड, रात्रीचा माणूस, पाणी उपसायचा पंप, यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब असेल तर ती केली जाते. नसेल तर ती कुणाच्याच खिशातून होत नाही, आणि गच्चीवर निळं प्लास्टिक व चार विटा एवढंच उरतं.

कोब्याखाली

नवी मुंबईतल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बहुतेक इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवायचे, त्यांना उतार द्यायचा आणि वर घोटून गुळगुळीत करायचं किंवा फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं चायना मोझेक लावायचं. उतार साधारण शंभराला एक. म्हणजे दहा मीटर लांबीत दहा सेंटिमीटर. मोठ्या गच्चीवर उंच बाजूला कोब्याची जाडी दीड वीतही होते. एका चौरस मीटरवर दोनशे किलोच्या आसपास वजन सहज पडतं. एकदा गळती झाली की जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवण्याची सोपी वाट अनेक ठिकाणी धरली गेली, आणि स्लॅबच्या डोक्यावर न मोजलेलं ओझं वाढत गेलं.

म्हणून खरी दुरुस्ती म्हणजे आधी फोडणं. आणि धोका तिथूनच सुरू होतो. जुना, भेगाळलेला कोबा कितीही वाईट असला तरी तो बरंचसं पाणी उताराकडे ढकलत असतो. तो निघाला की खाली उरतो उघडा स्लॅब, ज्याला उतारच नाही. ओतताना तो सपाट ओतला होता. उतार सगळा कोब्यात होता. आता पडलेलं पाणी जिथल्या तिथं साचतं. ब्रेकरच्या हादऱ्यांनी जुन्या भेगा थोड्या रुंदावलेल्या असतात. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोनात सिमेंटची जी गोलाई भरलेली असते, तिला गवंडी ‘वाटा’ म्हणतात. ती निघालेली असते, त्यामुळे कडेनं भिंतीत पाणी उतरायला मोकळी वाट मिळते. पाणी जाण्याच्या तोंडाशी केलेला खोलगट खुर्रा फुटलेला असतो आणि फोडलेल्या विटांचा चुरा पहिल्याच सरीबरोबर वाहत जाऊन खाली उतरणाऱ्या पाइपात बसतो. थोडक्यात, दुरुस्तीच्या मधल्या टप्प्यावर इमारत दुरुस्तीआधी होती त्यापेक्षा जास्त दुबळी असते. हे डॉक्टर शस्त्रक्रियेआधी सांगतात तसं अभियंत्यानं इमारतीतल्या लोकांना सांगायला हवं. सांगत कुणी नाही.

साधा हिशेब करून पाहावा. पाचशे चौरस मीटरची गच्ची, म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या शाळेची किंवा विभाग कार्यालयाची. दिवसाला शंभर मिलीमीटर पाऊस हा या किनाऱ्यावर जुलैत नवलाचा नाही. त्या गच्चीवर पडणारं पाणी पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन. उतार आणि पाइप असतील तर ते तासातासाला निघून जातं. पाइप तुंबले आणि कठडे धरून दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर ते पन्नास टन त्याच स्लॅबवर बसतात, ज्याची दुरुस्ती चालली होती कारण तो कमजोर झाला होता.

कमजोर का झाला, तेही कोब्याखालीच आहे. खाडीकाठची खारी हवा, काँक्रीटमध्ये झिरपणारं पाणी, आणि जुन्या बांधकामात सळ्यांवर पुरेसा न राखलेला काँक्रीटचा थर. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आतून फुगलेली सळई खालचा पापुद्रा ढकलून पाडते. पंख्याच्या वाऱ्यात वर्गातल्या बाकावर पडणारा प्लास्टरचा तुकडा हा त्या प्रक्रियेचा शेवट असतो, सुरुवात नव्हे.

आणखी एक गंमत, म्हणजे जिला सामोरं जाणाऱ्याला ती गंमत वाटत नाही. गळती जिथं दिसते तिथं ती नसते. स्लॅबमध्ये विजेच्या वायरींसाठी पाइप पुरलेले असतात. भेगेतून शिरलेलं पाणी त्या पाइपात उतरतं, पाच-सात मीटर आडवं चालत जातं आणि पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या खोबणीतून टपकतं. नेमक्या त्या जागेवर गच्चीत खोदकाम केलं तर खाली काही सापडत नाही. म्हणून अनुभवी माणसं आधी विजेचा नकाशा मागतात. तो बहुधा नसतो.

जेवढं उघडाल तेवढंच

उघड्या गच्चीवर पाऊस आला तर काय करायचं, याचं शास्त्र पुस्तकांपेक्षा साइटवर जास्त सापडतं. त्यातला पहिला नियम शाकारणीचाच: एका दिवशी तेवढाच भाग फोडायचा जेवढा संध्याकाळी झाकता येईल. गच्चीचे पट्टे पाडायचे. एक पट्टा फोडून, भेगा भरून, निदान पहिला जलरोधक हात मारून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. कागदावर हे सगळ्यांना मान्य असतं. पण ब्रेकर भाड्यानं आणलेला असतो, फोडणाऱ्यांची टोळी वेगळी असते आणि तिला चौरस मीटरवर पैसे मिळतात. टोळी चार दिवसांत अख्खी गच्ची फोडून दुसऱ्या साइटवर निघून जाते, आणि गवंडी आठ दिवसांनी येतात. पावसाचं नुकसान होतं ते या आठ दिवसांच्या खिंडीत.

ताडपत्री अंथरण्यातही फरक आहे. सपाट पसरलेली ताडपत्री म्हणजे पाण्याचा हौद; त्याच्या वजनानं ती फाटते किंवा सांध्यातून सगळं पाणी एका जागी ओतते. मध्ये बांबूची आडवी कणा-काठी उभारून तिला दोन्हीकडे उतार द्यावा लागतो, वरची ताडपत्री खालचीवर हातभर चढवावी लागते, आणि कडा कठड्याच्या आत नव्हे तर कठड्यावरून बाहेर टाकून दोरीनं बांधाव्या लागतात. खिळे ठोकले की पहिल्या वाऱ्यात भोकं मोठी होतात. मोठं आणि लांबणारं काम असेल तर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर पत्र्याची शेड हाच उपाय. तिचा खर्च बराच, आणि बाजू उघड्या राहिल्या तर कोकणातली तिरपी झड आत येतेच. विकास नियंत्रण नियमांत पावसापासून संरक्षणासाठी गच्चीवर फक्त पावसाळ्यापुरतं आच्छादन हे तात्पुरत्या बांधकामांच्या यादीत धरलेलं आहे. नवी मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांच्या डोक्यावर जे पत्रे दिसतात त्यांची सुरुवात तिथूनच झाली. ऑक्टोबर आला तरी ते उतरत नाहीत, हा भाग निराळा, आणि पालिकेच्या नोटिशींचा तो वार्षिक विषय आहे. पण एक मान्य करायला हवं. गळक्या स्लॅबवर वर्षानुवर्षं रसायनं फासण्यापेक्षा त्या लोकांनी केलेला उपाय तांत्रिकदृष्ट्या जास्त शहाणपणाचा होता. पाणी स्लॅबपर्यंत पोचूच द्यायचं नाही.

बाकीची तयारी लहान लहान आहे आणि म्हणूनच राहून जाते. पाइपांच्या तोंडाला जाळी, आणि ती रोज साफ करायला नेमलेला एक माणूस, नावानिशी. डेब्रिज गच्चीवर ढीग करून न ठेवता पोत्यांत भरून रोज खाली. सर्वात वरच्या मजल्यावरच्या विजेच्या सर्किटांची आधीच तपासणी आणि ज्या खोल्यांवर काम चालू आहे त्यांचा वेगळा स्विच. रात्री पाऊस वाढला तर पंप सुरू करणारा कुणी गच्चीवर हवा. सुरक्षारक्षकाला गच्चीची किल्ली दिलेली नसते, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्यावर नाट्यछटा लिहिता येईल. फॉल्स सीलिंग असेल तर त्यात मुद्दाम काही चौकोन काढून ठेवावेत. त्यामुळे पाणी दिसतं. बंद सीलिंगवर ते दोन-तीन दिवस गुपचूप साचतं आणि मग सगळं एकदम खाली येतं.

वरच्या कामानं खालच्याचा जीव जाऊ शकतो, याचं उदाहरण शहराला माहीत आहे. ११ जून २०२२ रोजी नेरूळमधल्या एका निवासी इमारतीत वरच्या मजल्यावरच्या घरात फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब एकामागून एक सोबत घेऊन तळाला आला. जीवितहानी झाली. तिथं छताचं काम नव्हतं, पण धडा तोच आहे: फोडायला सुरुवात करण्याआधी खाली टेकू लावायचे, आणि त्या खोल्या रिकाम्या करायच्या.

सार्वजनिक इमारतीत हे ‘रिकामं करायचं’ हेच सर्वात अवघड. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते. दवाखाना बंद ठेवता येत नाही. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या वास्तूच्या तारखा नाटकमंडळी, शाळा, संस्था आधीपासून धरून बसलेल्या असतात. मग वर काम आणि खाली वापर, अशी तडजोड होते. आणि ती टाळण्यासाठी काम पुढे ढकलणं हाही पर्याय नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत पावसात कोसळून सात मुलं दगावली. त्यानंतर देशभर शाळांच्या तपासणीचे आदेश निघाले. ते निघाले भर पावसात, जेव्हा कुठल्याच छताची दुरुस्ती धड करता येत नाही.

छत कुणाचं

नवी मुंबईतली रेल्वे स्थानकं बाहेरून पाहणाऱ्याला भव्य वाटतात. वाशी, बेलापूर, नेरूळ. स्थानकांच्या डोक्यावर कार्यालयांचे मजले, खाली दुकानं, प्रशस्त आवार. ठाणे-मुंबईकडच्या स्थानकांच्या गर्दीतून आलेल्याला नव्वदच्या दशकात हे परदेशासारखं भासायचं. मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोनं आणि ३३ टक्के रेल्वेनं उचलला होता. स्थानकांच्या इमारती सिडकोनं बांधल्या, रूळ आणि गाड्या रेल्वेच्या. जोवर इमारती नव्या होत्या तोवर ही वाटणी चालून गेली. छतं गळू लागली तसा देखभाल कुणी करायची याचा वाद सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालत आला आहे. प्रवासी तक्रार करतो रेल्वेकडे, कारण तिकीट तिनं दिलेलं असतं. त्याच छताखालच्या एकाच गळतीवर बादली एका खात्याची, झाडू दुसऱ्याचा आणि निविदा तिसऱ्याची, असा प्रकार होतो.

तुर्भ्याच्या बाजार आवारात याचं आणखी गुंतागुंतीचं रूप आहे. कांदा-बटाट्याचा घाऊक व्यापार १९८१ मध्ये मुंबईहून इथं हलवला गेला. सिडकोनं बांधलेल्या त्या बाजाराच्या इमारती पालिकेच्या धोकादायक यादीत अनेक वर्षं येत राहिल्या आहेत. दर पावसाळ्याआधी नोटीस लागते, गाळ्यांच्या छताचे तुकडे पडतात, आणि व्यवहार चालूच राहतो. रोज पहाटे ट्रक येतात, गोणी उतरतात. व्यापाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी: गाळा सोडून जायचं कुठं, परत मिळेल याची खात्री कोण देणार, पुनर्बांधणीत वाढीव बांधकामाचा हिस्सा कुणाचा. हे प्रश्न सुटत नाहीत तोवर दुरुस्तीवर मोठा पैसा घालायला कुणी तयार होत नाही, कारण इमारत पाडायचीच आहे; आणि पाडली जात नाही, कारण प्रश्न सुटलेले नाहीत.

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या २६४व्या कलमाखाली धोकादायक इमारतीला नोटीस देता येते. २६५-अ कलमाप्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीनंतर इमारत सी-१ ते सी-३ अशा वर्गांत बसते. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची. मधल्या सी-२ वर्गातल्या इमारती म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या. त्यांतल्या काही रिकाम्या करून दुरुस्त करायच्या, काही न रिकाम्या करता. उघड्या गच्चीचं सगळं नाट्य घडतं ते या शेवटच्या गटात.

ओला कागद

शासकीय इमारतीत सर्वात वरच्या मजल्यावर काय ठेवतात? अभिलेख. ज्यांची रोज गरज पडत नाही ते कागद वर जातात, जिन्यानं चढायचा त्रास कमी लोकांना व्हावा म्हणून. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, मालमत्ता कराची दप्तरं, बांधकाम परवानग्यांचे नकाशे. म्हणजे छतापासून सर्वात जवळ तीच वस्तू, जिला पाण्याचं सर्वात वावडं.

भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याहूनही कमी. अशा वेळी सर्वांचा पहिला हात उन्हाकडे जातो. नेमकं तेच करू नये. कागद वाकडा होतो, शाई उडते, गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना कायमची चिकटतात. थोडे कागद असतील तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पानांमध्ये शोषक कागद घालून वाळवायचे. खूप असतील तर गोठवायचे. शून्याखाली वीस अंशांच्या आसपास गोठवलेला कागद बुरशीपासून वाचतो आणि मग सवडीनं थोडा थोडा वाळवता येतो. १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला, राष्ट्रीय ग्रंथालय बुडालं, आणि त्यानंतर जगभर या विषयावर गंभीर काम सुरू झालं. आपल्याकडे चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं २२ जुलै २०२१ च्या महापुरात आपला मोठा ग्रंथसाठा पाण्यात पाहिला. १८६४ पासूनची ती संस्था आहे.

नवी मुंबईची गंमत अशी की गोठवण्याची सोय इथं हाकेच्या अंतरावर आहे. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात आणि बाजार आवाराभोवती शीतगृहांची रांगच आहे. मासळी, मटार, आंब्याचा रस सगळं तिथं गोठून पडलेलं असतं. एखाद्या कार्यालयाची पाचशे दप्तरं भिजली तर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून तासाभरात तिथं पोचवता येतील. त्यासाठी आधी एक साधा करार आणि एक फोन नंबर हवा. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत बोटी असतात, दोर असतात, जनरेटर असतात. कागदासाठी जागा सापडत नाही.

दैव आणि ठेकेदार

नुकसान झालं की पत्रव्यवहार सुरू होतो, आणि त्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात येतात. न्यायालयांना मात्र हे कारण फार पूर्वीपासून पटत नाही. कल्लूलाल विरुद्ध हेमचंद या खटल्यात एका इमारतीची भिंत पावसात कोसळून दोन मुलं दगावली होती. त्या दिवशी २.६६ इंच, म्हणजे सुमारे ६८ मिलीमीटर पाऊस झाला होता. ही दैवी आपत्ती आहे, असा मालकाचा बचाव. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं १९५८ मध्ये तो फेटाळला: पावसाळ्यात एवढा पाऊस पडणं यात अनपेक्षित काही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेल्या ९४४ मिलीमीटरबद्दल वेगळं बोलता येईल. जुलैतल्या शंभर मिलीमीटरबद्दल नाही.

विमा कंपन्याही हेच म्हणतात, फक्त आकड्यांत. बांधकामाच्या सर्वंकष विम्यात पाऊस आणि पुराबद्दल एक जोड-अट असते. म्युनिक री या पुनर्विमा कंपनीच्या शब्दरचनेत ती ११० क्रमांकाची आहे. वीस वर्षांतून एकदा पडेल एवढ्या पावसाला पुरेशी व्यवस्था कामाच्या प्रत्येक टप्प्यावर केलेली असेल तरच भरपाई, आणि पाण्याची वाट अडवणारा अडथळा लगेच न काढल्यामुळे झालेलं नुकसान बाद. म्हणजे पाइपात अडकलेला विटांचा चुरा विमाही बुडवू शकतो. अनेक छोट्या दुरुस्ती कामांना विमा घेतला जातो तो बिल पास करण्यासाठी लागणाऱ्या कागदांपैकी एक म्हणून. त्या अटी वाचलेल्या असतील अशी अपेक्षा करणं जरा जास्तच.

जलरोधनाची हमी स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांची घेण्याची पद्धत आहे. ती उपयोगी पडते काम पूर्ण झाल्यावर. मधल्या काळाची हमी कुणीच देत नाही. आणि काम पूर्ण झालं हे ठरवणारी चाचणीही ऋतूच्या कचाट्यात सापडते. गच्चीचे पाइप बंद करून, पाणी भरून ते दोन-तीन दिवस उभं ठेवायचं आणि खालून छत पाहायचं, ही ती चाचणी. पाचशे चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे पंचवीस हजार लिटर. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे, तरी मे महिन्यात पाण्याचा एवढा वापर गच्चीवर करायला कुणाचं मन होत नाही. चाचणी मग पहिल्या पावसावर सोडली जाते. तो पास-नापास ठरवतो तेव्हा परत हात लावायला दिवस उरलेले नसतात.

वरून दुसरं छप्पर

जिथं पैसा आणि लक्ष दोन्ही असतं तिथं उघड्या छताचं काम वेगळ्या तऱ्हेनं होतं. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामचं छत जळालं, त्यानंतर आठवड्याभरात दोरांवर लटकणाऱ्या गिर्यारोहक कामगारांनी उघड्या कमानींवर ताडपत्र्या ताणल्या, कारण हवामान खात्यानं पावसाचा अंदाज दिला होता. आगीतून वाचलेली चुन्याच्या दगडाची कमान पाण्यानं जड होऊन पडेल ही भीती होती. आधी झाकण, मग चौकशी, मग आराखडा.

मुंबईत काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची गोष्ट आपल्या जवळची. १८७० च्या त्या इमारतीचं मूळ उतरतं लाकडी छप्पर विसाव्या शतकात काढून टाकून तिथं काँक्रीटचा सपाट स्लॅब घातला गेला होता. आधुनिक, टिकाऊ, आणि कायम गळका. २०२२-२३ च्या जीर्णोद्धारात तो स्लॅब काढून पुन्हा सागवानी कैच्यांचं उतरतं छप्पर बसवलं गेलं आणि जून २०२३ मध्ये वाचनालय पुन्हा खुलं झालं. अडीच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर सपाट गच्ची हा मुळातच एक धाडसी निर्णय होता, हे त्या कामानं दाखवलं. नवी मुंबईतही चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज ऐंशीच्या दशकात आखलं तेव्हा घरांना उतरती कौलं दिली होती. आजूबाजूच्या सगळ्या सेक्टरांत मात्र सपाट गच्च्याच झाल्या.

त्या आता बदलता येणार नाहीत. निदान त्यांची दुरुस्ती कधी आखायची, हे बदलता येईल. गच्चीवरची ओल सर्वात स्पष्ट दिसते ती पावसाळा संपताना, सप्टेंबरच्या शेवटी. छताला उमटलेले तपकिरी डाग तेव्हा ताजे असतात. खडूनं त्यांच्या कडा आखून, तारीख लिहून, फोटो काढून ठेवले तर गळतीचा नकाशा आयता मिळतो. डिसेंबरपर्यंत ते वाळून जातात, आणि एखाद्या कार्यक्रमासाठी रंगरंगोटी झाली की दिसेनासेच होतात. ऑक्टोबरात पाहणी, नोव्हेंबरात निविदा आणि जानेवारीत पहिला पट्टा फोडला, तर मेपर्यंत चार महिने कोरडे मिळतात, आणि सोळा दिवस लवकर आलेल्या पावसालाही तोंड देता येतं.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर तेही सोपं नव्हतं. नवी मुंबई महापालिकेची आधीची निवडणूक झाली होती एप्रिल २०१५ मध्ये. मे २०२० पासून तिथं प्रशासक होते. राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पूर्ण करा, असं सर्वोच्च न्यायालयानं १६ सप्टेंबर २०२५ रोजी सांगितलं. म्हणजे आचारसंहिता त्या वेळी उन्हाळ्यात येणार नव्हती. ती येणार होती हिवाळ्यात.